आठ पेशींपर्यंत

कोल्हापूरच्या त्या केंद्रात भिंतींना फिकट गुलाबी रंग होता आणि दर दोन हातांवर एकेका गुटगुटीत बाळाचा फोटो. गेल्या दोन वर्षांत इथे किती बाळं झाली, असं कुणी विचारलं की तिथली माणसं चहा घेणार का म्हणून विचारत. त्रिशला मगदूमनं तो प्रश्न विचारला होता आणि तिच्यासमोर आता चहाचा दुसरा कप आला होता.

शेजारच्या खुर्चीत तिची लेक चंदना बसली होती. एकोणतीस वर्षांची, मिरजेत बालवाडी चालवणारी, कुठल्याही संकटात आधी थट्टा शोधणारी. तिचा नवरा अभिनंदन गाडी लावायला जागा शोधत होता. अर्धा तास झाला तरी ती सापडली नव्हती, याचा अर्थ दोघी मायलेकींना कळत होता.

तिथल्या भ्रूणतज्ज्ञ मेघना होसमनी वयानं चंदनाएवढ्याच असतील. त्यांनी संगणकाचा पडदा दोघींकडे वळवला.

"अकरा बीजांडं मिळाली होती. त्यातली नऊ फळली. पहिल्या दिवशी सगळी उत्तम. दुसऱ्या दिवशी चार पेशी. काल सकाळी आठ." त्या थांबल्या. "आज सकाळीही आठच."

"किती गर्भांच्या?" त्रिशलानं विचारलं.

"नऊच्या नऊ."

"माझ्या वर्गातली पोरंसुद्धा इतकी एकदम गप्प बसत नाहीत," चंदना म्हणाली. कुणीच हसलं नाही, तेव्हा ती स्वतःच थोडी हसली आणि पदराशी चाळा करत बसली.

त्रिशला पडद्याकडे बघत राहिली. पेशींच्या कडा झिजलेल्या होत्या. नासायला लागलेल्या दुधासारखं आत कणकण दाटलेलं होतं. कपातला चहा तिनं न पिताच खाली ठेवला. एकतीस वर्षं तिनं सूक्ष्मदर्शकाखाली माशांचे गर्भ पाहिले होते आणि त्यात हे असं एकदाच दिसलं होतं. ती सकाळ तिनं मनातून पुसून टाकली होती. चांगली पुसली गेली नव्हती, हे तिला आत्ता कळलं.

"तुम्ही ज्या द्रवात हे गर्भ ठेवता, त्यात जंतू होऊ नयेत म्हणून काय घालता?" तिनं विचारलं.

"अभय," मेघना म्हणाल्या. "सगळेच घालतात. दुसरं काय उरलंय आता?"

* * *

अभय म्हणजे काय, हे आता कुणाला सांगावं लागत नाही, पण ते कसं चालतं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. जंतूचं आवरण आणि आपल्या पेशीचं आवरण यांत एक साधा फरक आहे. जंतूच्या आवरणाला बाहेरून ऋण विद्युतभार असतो. आपल्या पेशी ऋणभाराचे स्निग्ध रेणू आतल्या अंगाला वळवून ठेवतात. एका बेडकाच्या कातडीत सापडलेल्या पेप्टाइडवरून, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्यावरून, मिरज-कुपवाड रस्त्यावरच्या संस्थेत अभय तयार झालं. बावीस दुव्यांची छोटी साखळी, धनभाराची. ऋणभार दिसेल तिथे ती चिकटते, आवरणात घुसते आणि भोक पाडते. जंतू मरतो. चुकून आपल्या पेशीला भोक पडलंच तर ती मिनिटभरात ठिगळ लावून मोकळी होते. अँटिबायोटिकची जंतूंना सवय झाली तशी याची होणं अवघड होतं, कारण त्यासाठी जंतूला आपलं सगळं आवरणच बदलावं लागलं असतं.

तेवीस वर्षांपूर्वी ते फक्त बाटलीत होतं, आणि सहा वर्षांची चंदना मिरजेतल्या एका इस्पितळात अतिदक्षता विभागात होती. खेळताना पायाला पत्रा लागला होता. जखम बोटभर. चौथ्या दिवशी पाय मांडीपर्यंत काळानिळा झाला. डॉक्टरांनी सात औषधं देऊन पाहिली आणि मग आठवं नाही असं सरळ सांगितलं. अभय प्रयोग म्हणून देता आलं असतं, पण त्यासाठी परवानगी हवी होती, आणि परवानगीसाठी माशांच्या गर्भांवरचा सुरक्षिततेचा अहवाल. संस्थेच्या मत्स्यकक्षात तो प्रयोग करणारी तंत्रज्ञ म्हणजे त्रिशला.

झेब्राफिश नावाचे बोटाएवढे पट्टेरी मासे असतात. दिवा लागला की त्यांना पहाट झाली असं वाटतं आणि ते अंडी घालतात. कक्षातल्या दिव्यांना एक जुना टायमर होता, तो सहाला दिवे लावी. त्रिशला साडेसहाला अंडी गोळा करी, डिशमध्ये चाचणीच्या औषधाच्या पाण्यात टाकी आणि रजिस्टरात लिही: शून्य तास. गर्भाचं घड्याळ तिथून सुरू व्हायचं.

चंदना इस्पितळात गेली तशी त्रिशला रात्री तिच्या उशाशी राहू लागली. नवरा सुकुमार इचलकरंजीहून रात्रपाळी संपवून नऊला यायचा, मग ही साडेनऊची बस धरायची. अभयचा प्रयोग त्याच दिवसांत सुरू झाला, आणि अंडी पावणेदहाला गोळा होऊ लागली. टायमर पुढे सरकवता आला असता, पण माशांना नवी पहाट अंगवळणी पडायला पंधरवडा लागतो आणि तेवढा वेळ कुणाकडेच नव्हता. रजिस्टरातल्या वेळा ती शनिवारी एकदमच भरायची, सगळेच भरायचे. वरच्या ओळीत साडेसहा होतं, म्हणून खालच्या ओळीत साडेसहा आलं. शून्य तास, शून्य तास, शून्य तास. खरं तर ते गर्भ जवळजवळ चार तासांचे झालेले होते.

ते सगळे जगले. काचेसारख्या अंगातून दुसऱ्या दिवशी त्यांची हृदयं लुकलुकताना दिसली. अहवाल गेला, परवानगी आली, चंदनाला अभयचं पहिलं इंजेक्शन मिळालं. नवव्या दिवशी ती उठून बसली आणि तिनं दहीभात मागितला.

दोन वर्षांनी अभयचं जनुक दह्याच्याच जंतूत बसवलं गेलं. बाटली नको, सुई नको. अंगणवाड्यांतून विरजणाच्या पुड्या वाटल्या. पुड्या महिनाभरच वाटाव्या लागल्या, कारण आपल्याकडे विरजण विकत घ्यायचं नसतं, शेजारून आणायचं असतं. एका चमच्यात घर, एका घरातून गल्ली. अभयच्या दह्यात दुसरं विरजण टिकत नसे, त्यामुळे दोन वर्षांत जिल्ह्यात जुनं विरजण उरलंच नाही. कुणाला वाईट वाटलं नाही. बायका बाळंतपणात जात नव्हत्या, पोरं तापानं जात नव्हती, आणि दही पूर्वीपेक्षा घट्ट लागत होतं.

* * *

संस्थेतल्या मत्स्यकक्षाची किल्ली आता फरीदा मुजावरकडे होती. त्रिशलानंच तिला काम शिकवलं होतं.

"बाई, निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात," फरीदा म्हणाली, पण तिनं दार उघडलं. जुनी रजिस्टरं कोठीत दोरीनं बांधून ठेवलेली होती.

पान सापडायला वेळ लागला नाही. आपलंच अक्षर, फक्त थोडं तरुण. तेवीस वर्षांपूर्वीचा तो मंगळवार. आदल्या रात्री साडेतीन तास वीज गेली होती. जुना टायमर विजेशिवाय जागच्या जागी थांबायचा, त्यामुळे त्या दिवशी दिवे साडेनऊला लागले आणि त्रिशला कक्षात शिरली तेव्हा मासे नुकतीच अंडी घालत होते. त्या एका दिवशी तिच्या डिशमध्ये खरोखरचा शून्य तास होता. बाराच्या आत साठच्या साठ गर्भ मेले होते. पेशींच्या कडा झिजलेल्या, आत कणकण.

शेरा असा होता: पाणी बिघडले. डिश टाकून दिली. उद्या पुन्हा करणे.

ते पान तिनं बराच वेळ उघडं ठेवलं. मग रजिस्टर मिटून पिशवीत घातलं आणि फरीदाला म्हणाली, "मला एक सकाळ दे तुझ्या माशांची."

दुसऱ्या दिवशी दोघी दिवे लागायच्या आधीच पोचल्या. त्रिशलानं पाच डिश मांडल्या. पहिलीतल्या अंड्यांना घातल्याबरोबर अभय दिलं, दुसरीला तासाभरानं, मग दोन, तीन, चार. फरीदानं डबा आणला होता, त्यातलं दही दोघींनी खाल्लं नाही. बारा वाजेपर्यंत पहिल्या तीन डिश संपल्या होत्या. चौथीत निम्मे उरले. पाचवीतले सगळे सुखरूप होते.

कारण कळलं तेव्हा ते इतकं साधं होतं की त्रिशलाला रडायला आलं. नुकताच फळलेला गर्भ स्वतःची जनुकं वापरत नाही. आईनं बीजांडात जे बांधून दिलं, त्या शिदोरीवरच त्याचे पहिले दिवस जातात. पेशी नुसत्या भराभर दुभंगत असतात. नव्या घरात सामान लावायच्या आधी आतलं आणि बाहेरचं जसं एकत्र पडलेलं असतं, तशी त्यांच्या आवरणाची गत असते, आणि ऋणभाराचे रेणू बाहेर उघडे दिसतात. अभयला ती पेशी जंतूसारखीच वाटते. ते भोक पाडतं. ठिगळ लावायचं तर त्यासाठी स्वतःची जनुकं जागी व्हायला हवीत. माशात ती तीन तासांनी जागी होतात, माणसात तिसऱ्या दिवशी, आठ पेशी झाल्यावर. तोवर गर्भ चाळणी झालेला असतो.

त्या दिवसांत बाईला आपण गरोदर आहोत हेही कळत नाही. गर्भपात नाही, दुखणं नाही, काही नाही. पाळी वेळेवर येते.

"पण मला तर विरजण आल्यावरही दोन पोरं झाली," फरीदा म्हणाली.

"तुला ते विशीत मिळालं. तुझ्या शरीरात जुन्या जंतूंनी आधीच जागा अडवलेल्या होत्या." त्रिशला पाचवी डिश हातात धरून होती. "ज्यांना वयात यायच्या आधी मिळालं, त्यांच्यात ते थेट गर्भाशयापर्यंत घर करून बसलंय. त्या मुली आता कुठं लग्न करायला लागल्यात."

फरीदाच्या मुली तेरा आणि सोळा वर्षांच्या होत्या. ती डिश धुवायला घेऊन गेली आणि नळ बराच वेळ चालू राहिला.

* * *

डॉक्टर शहापुरे सांगलीत मुलाच्या बंगल्यात राहत होते. अभयचे जनक म्हणून चौकात त्यांच्या नावाची पाटी होती. वय एक्याऐंशी. त्यांनी त्रिशलाचे कागद शांतपणे वाचले आणि चष्मा काढून पुसत बसले.

"तालुक्यातले जन्म चार वर्षांत एक तृतीयांशावर आलेत," ते म्हणाले. "मी आकडे बघतो, त्रिशलाबाई. लोक म्हणतात, हल्लीच्या मुलींना मूल नको असतं. मीही तसंच म्हणत होतो. सोयीचं होतं."

"सर, हे थांबवता येईल?"

"विरजण परत मागवता येतं का?"

"जंतू मारता येईल शरीरातला."

"कशानं? औषधं संपली म्हणून तर आपण हे केलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "आणि समजा मारला. उद्या परत पायाला पत्रा लागून पोरं जायला लागतील. कुठलं मरण द्यायचं तेवढं आपल्या हातात आहे. ते नको म्हणून हे, हे नको म्हणून ते."

त्यांनी त्रिशलाचे कागद पुन्हा पुढे ओढले.

"तुमचे गर्भ चार तासांचे होते, हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"बस साडेनऊची होती, सर."

त्यांनी मान हलवली. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही, आणि पिशवीतलं रजिस्टर तिनं बाहेर काढलं नाही.

अहवाल तिनं स्वतःच्या नावानं पाठवला. उशिरा गोळा केलेली अंडी, खोटी वेळ, पाच डिशांचा निकाल, सगळं लिहिलं. फक्त त्या मंगळवारचं पान जोडलं नाही. वरून उत्तर आलं की विषयाची नोंद घेण्यात आली असून समिती नेमण्यात येत आहे. बातमी फुटली तेव्हा लोकांनी आठवडाभर दही गटारात ओतलं. मग उन्हाळा लागला, पोरं ताक मागू लागली आणि ज्याच्या घरी थोडं राहिलं होतं त्याच्याकडून सगळ्यांनी विरजण आणलं.

* * *

आशेची वाट निघाली ती कुंभोजच्या पद्माआत्याच्या ओसरीवर.

पद्माआत्या सुकुमारची आत्या. ब्याऐंशी वर्षांची, व्रताची बाई. परक्या घरचं ती काही घेत नसे आणि विरजण तर नाहीच. स्वतःच्या गाईचं दूध तापवायचं, त्यात धुऊन वाळवलेला करवंटीचा तुकडा टाकायचा आणि झाकून ठेवायचं, अशी तिची साठ वर्षांची रीत होती. दही पातळ लागायचं आणि अख्खं कुटुंब त्यावरून तिची चेष्टा करायचं.

त्रिशलानं त्या दह्याचा नमुना फरीदाकडे तपासला. त्यात अभय नव्हतं.

"मग ठेव की पोरीला माझ्याकडं," आत्या म्हणाली. "माझ्यासारखं जेवायचं, माझ्यासारखं राहायचं. जमंल का गं तुला?"

"आत्या, मोबाइल चालेल का व्रतात?" चंदनानं विचारलं.

"तोंडात घालणार हाईस का तो? मग चालंल."

बालवाडी तिनं मदतनीस बाईवर सोपवली. तिथं आता फार काम नव्हतंच. चार वर्षांपूर्वी बेचाळीस मुलं होती, यंदा नऊ. ती कुंभोजला राहिली चार महिने. पातळ दही, ताज्या भाकऱ्या, पाणीही आत्याच्या विहिरीचं. अभिनंदन दर रविवारी यायचा आणि दोघं डोंगराच्या पायथ्याशी फिरून यायची. चंदनाचा चेहरा भरला. त्या चार महिन्यांत त्रिशलाला पहिल्यांदा शांत झोप लागली, आणि लेकीला सगळं सांगायची गरज कदाचित पडणारही नाही असं तिला वाटू लागलं. माणूस असा विचार करतो.

फरीदा दर महिन्याला चंदनाची तपासणी करत होती. पहिल्या महिन्यात शरीरात अभय होतं तेवढंच होतं. दुसऱ्यातही. तिसऱ्या महिन्यात फरीदानं आत्याच्या दह्याच्या वाटीत अभयच्या दह्यात बुडवलेलं सुईचं टोक लावून पाहिलं. सकाळी लावलं, संध्याकाळपर्यंत वाटीभर अभय झालं होतं. हे तिनं फोनवर सांगितलं तेव्हा त्रिशला बाजारात भाजी घेत होती. तिनं भाजी नीट निवडून घेतली, पैसे दिले आणि घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवून उभी राहिली.

तरी त्यांनी आणखी एकदा प्रयत्न केला. मेघना होसमनींनी या वेळी द्रवात अभय घातलं नाही. जंतू होण्याचा धोका घेतला, खोली तीनदा धुतली, नमुने स्वतःच हाताळले. आठ बीजांडं, सहा फळली. चौथ्या दिवशी त्यांचा फोन त्रिशलाला आला, चंदनाला करायचा त्यांना धीर झाला नव्हता.

"पाच आठवर थांबले," त्या म्हणाल्या. "एक नऊवर गेला होता, काकू. मी तासभर खुर्ची सोडली नाही. मग तोही थांबला."

"द्रवात तर नव्हतं ना?"

"बीजांडाच्या कवचातच मुरलेलं आहे. अंडाशयात महिनोन्महिने त्याच पाण्यात असतात ती. मी धुऊन पाहिलं, निघत नाही." त्यांचा आवाज बदलला. "माझंही लग्न ठरलंय, काकू. मार्चमध्ये."

 त्रिशलानं जपून राहा म्हणून सांगितलं आणि फोन ठेवल्यावर कशापासून जपायचं, हे आपण बोललोच नाही असं तिच्या लक्षात आलं.

* * *

चंदना मिरजेला परत आली ती आत्यानं दिलेली दह्याची बरणी घेऊन. आत्याचं मन मोडायला नको म्हणून आणली होती. तिच्या घरच्या ओट्यावर आता दोन भांडी होती, एक अभयचं आणि एक कुंभोजचं. दुपारी चारचा सुमार होता. अभिनंदन कामावर गेला होता. त्रिशलानं पिशवीतून रजिस्टर काढलं आणि ते पान उघडून लेकीपुढे ठेवलं.

चंदनानं वाचलं. मुलांच्या वहीतलं वाचावं तसं बोट ठेवून वाचलं.

"पाणी बिघडले," ती म्हणाली. "हे काय?"

त्रिशलानं सांगितलं. वीज गेली होती ते, टायमर थांबला होता ते, त्या एका दिवसाचा खरा शून्य तास. सांगताना तिचा आवाज प्रयोगशाळेतल्यासारखा झाला, तसा तो होतो हे तिला माहीत होतं आणि या वेळी तो तिला नकोसा वाटला.

"मी कुठं होते त्या दिवशी?"

"आयसीयूत. डॉक्टर म्हणाले होते, शुक्रवारपर्यंत काही मिळालं नाही तर पाय काढून बघू. पाय काढूनही खात्री नाही म्हणाले होते."

"आणि तुला खरंच वाटलं की पाणी बिघडलंय?"

हा प्रश्न त्रिशलानं तेवीस वर्षांत स्वतःला विचारला नव्हता. शेजारच्या टाकीतले मासे त्याच पाण्यात मजेत पोहत होते. तिनं ते पाहिलं होतं.

"वाटलं नाही," ती म्हणाली. "वाटून घेतलं."

चंदनाचं बोट अजून त्या शेऱ्यावरच होतं. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता.

"अहवालात हे पान घातलं असतंस तर परवानगी आली नसती."

"नसती आली."

"आणि आत्ता परत तसंच झालं, मी आत, तू डिशपाशी, तर?"

"टाकून देईन," त्रिशला म्हणाली. मग तिला हुंदका आला आणि तिनं तो आवरला नाही. "बाकीच्यांच्या लेकींचं काय होईल, हे कळत असूनही टाकून देईन. तेच तर मला सहन होईना झालंय, चंदू."

चंदनानं रजिस्टर मिटलं. तिचा चेहरा शांत होता, आणि थट्टा शोधायला ती इकडेतिकडे बघत नव्हती.

"आई, मला म्हणायचं होतं की तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं," ती म्हणाली. "पण मला ते कसं कळणार? मला मूल कुठं आहे."

त्रिशला तिच्याकडे बघू शकली नाही. माफ केलं असतं किंवा शिव्या दिल्या असत्या तर दोन्ही चाललं असतं. लेकीनं यातलं काहीच केलं नव्हतं, फक्त खरं होतं ते सांगितलं होतं.

दारावर थाप पडली. समोरच्या घरातली शर्वाणी उभी होती, चार वर्षांची, दोन्ही हातांत रिकामी वाटी धरून. चंदनाच्या बालवाडीतल्या नवांपैकी एक.

"टीचर, आईनं तुमच्या आत्याचं विरजण मागितलंय," ती म्हणाली. सगळं एका दमात, वाटेत विसरू नये म्हणून पाठ करत आल्यासारखं. "साधं विरजण. आई म्हणाली, मला आता तेच द्यायचं."

चंदना उठली. ओट्यापाशी जाऊन तिनं कुंभोजच्या बरणीचं झाकण काढलं आणि स्वच्छ चमचा शोधला. त्रिशला बसल्या जागेवरून बघत होती. त्या पोरीनं जन्मापासून अभयच खाल्लं होतं. संध्याकाळपर्यंत समोरच्या घरातलं ते वाटीभर दही अभय होणार होतं, आणि पोरीच्या आत जे होतं ते कधीच जाणार नव्हतं. फरीदाच्या सुईचं त्रिशलानं लेकीला सांगितलेलं होतं. चंदनाला सगळं माहीत होतं.

"आईला सांग, वेगळ्या भांड्यात लाव म्हणावं," चंदना म्हणाली. "आणि वेगळा चमचा वापर म्हणावं. मग काही भीती नाही."

"काही भीती नाही," शर्वाणीनं पाठ केलं.

चंदनानं वाटी तिच्या हातात नीट बसवली, पायऱ्या उतरताना सांडू नकोस म्हणून सांगितलं आणि ती समोरच्या दारात पोचेपर्यंत उंबऱ्यात उभी राहिली. मग आत वळली. त्रिशलाकडे तिनं पाहिलं आणि पहिल्यांदा नजर खाली घातली.

"चहा ठेवते," ती म्हणाली.